माझ्या बाजूचा ब्रेक

१२ जानेवारी

घरात माझ्याशी कोणी बोलत नाही आणि मला बोलल्याशिवाय राहवत नाही, म्हणून ही वही. टायरवाल्याने नववर्षाला फुकट दिलेली. प्रत्येक पानाखाली टायरचं चित्र आहे. असू दे.

झालं ते असं. घरी नवी गाडी आली. ड्रायव्हिंग स्कूलची नव्हे, घरची, निळी. कन्येला म्हटलं, चल, एक चक्कर मारू. ती फिजिओथेरपिस्ट आहे. रुग्णांच्या घरोघरी जाऊन व्यायाम करून घ्यायची नोकरी तिला मिळतेय, फक्त मार्च संपायच्या आत गाडीचा पक्का परवाना दाखवायचा आहे. तिशी आली, परवाना नाही. गावातल्या निम्म्या लोकांना स्टिअरिंग धरायला मी शिकवलं, आणि माझीच पोर परीक्षेत तीनदा नापास. तोंडावर कोणी बोलत नाही. पण माझे कान तिखट आहेत. रस्त्यावरच्या गाडीचा क्लच घसरतोय हे मला ऑफिसात बसून ऐकू येतं, तर पाठीमागचं हसणं ऐकू येणार नाही?

तशी बरी चालवत होती. मी सांगतच होतो ना सगळं. आरसा बघ, गियर बदल, तो सायकलवाला बघ, खांदे सैल सोड, क्लचवर पाय ठेवून झोपू नकोस, परवा आईचा फोन का नाही उचललास. परत येताना आमच्या इमारतीच्या फाटकाशी वळलो तेव्हा बाईसाहेबांची समाधी लागलेली. मी ओरडलो, "अगं मी काय सांगतोय, इकडे लक्ष दे!"

तिने दिलं. आणि गाडी खांबावर.

ब्रेक मी मारला होता, हे इथे नमूद करतो. दणकून मारला. पण स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, तो या गाडीत कुठला असायला? पाय नुसता चटईवर आपटला. अजून टाच दुखतेय.

"तू का नाही मारलास?" मी विचारलं.

"मला वाटलं तुम्ही मारताय."

घ्या! हे उत्तर!

वर त्या खांबावर पाटी माझ्याच स्कूलची. 'निश्चिंत मनाने शिका.' मधोमध मुडपली.

वॉचमनसमोर आणि चार शेजाऱ्यांसमोर मी जे बोललो ते अति झालं, असं आमच्या हिचं म्हणणं. मी विशेष काही बोललो नाही. एवढंच म्हणालो की ढगूबाई, तुला बनवताना देव वरचा दिवा लावायलाच विसरला. ढगूबाई हे तिचं लहानपणापासूनचं लाडाचं नाव. कायम ढगात असते म्हणून.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवण्यासारखी. स्कूलच्या गाडीत माझ्या बाजूच्या ब्रेकचं रबर गॅरेजवाल्याला सारखं बदलावं लागतं. शिकणाऱ्याच्या बाजूचं गाडी घेतली तेव्हाचंच आहे, कोरं करकरीत. यावरून समजावं, गाडीत लक्ष कोणाचं असतं ते.

१६ जानेवारी

एक खांब ठोकला आणि ही थेट मनाच्या डॉक्टरकडे. कोणाला न विचारता. संध्याकाळी आली, पर्स सोफ्यावर, चपला स्वयंपाकघरात, आणि जाहीर केलं:

"मला एडीएचडी आहे."

"कधीपासून?"

"जन्मापासून."

"मग आज कसं कळलं?"

"कारण आजपर्यंत कोणी विचारलंच नव्हतं."

अवधान कमी पडण्याचा विकार म्हणे. मी म्हटलं, आमच्या वेळी याला 'लक्ष कुठाय तुझं' म्हणायचे आणि औषध कानाखाली मिळायचं.

"बरं झालं कोणी त्याने?"

"झाले की. सगळे झाले."

"तुम्ही झालात?"

मी उठून टीव्ही लावला. उगाच शब्दाला शब्द कशाला वाढवायचा.

तिचा हा कारभार मला नवीन आहे का? दुधाखालचा गॅस चालू ठेवून गॅलरीत उभी. किल्ली फ्रिजमध्ये. वाढदिवसाला आणलेली भेट वर्षभर कपाटात. इस्पितळातली नोकरी गेली ती रुग्णांचे अहवाल अर्धवट ठेवले म्हणून. पण तीच पोरगी कोणाचा धरलेला गुडघा हातात घेते तेव्हा जेवणखाण विसरून तासन्‌तास जागची हलत नाही. मग लक्ष नाही कसं? आहे, बाईसाहेबांना पाहिजे तिथे आहे. म्हणजे सोंग.

हे मी बोललोही. तिने ताट उचललं आणि खोलीत जाऊन जेवली.

२३ जानेवारी

डॉक्टरने आईबापांना बोलावलं होतं, लहानपणची माहिती घ्यायला. गेलो. म्हटलं, बघू तरी पोरीच्या डोक्यात हे भरवणारा प्राणी कसा आहे.

प्राणी सावकाश बोलणारा. इतका सावकाश की त्याचं वाक्य मीच पुरं करत होतो. त्याच्या दाराची बिजागरी करकरत होती. मी मध्येच उठून, कागदाची घडी घालून ती करकर बंद केली तेव्हा मला बरं वाटलं. त्याच्या टेबलावरचं पेन घेतलं हातात, तर त्याची स्प्रिंग उडून कपाटामागे गेली. पेनंसुद्धा हल्ली कसली बनवतात.

त्याचं म्हणणं, या विकाराचे तीन प्रकार. एकात माणसाचं लक्ष टिकत नाही. गप्प बसलेलं असतं, पण आत दहा रेडिओ एकदम लागलेले. दुसऱ्यात माणूस जागेवर टिकत नाही. हात चालू, पाय चालू, तोंड चालू, समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत दम नाही, मनात आलं की केलं. तिसऱ्यात दोन्हीची भेसळ.

"तुमची मुलगी पहिल्यातली," तो म्हणाला. "असल्या मुली शाळेत कोणाला त्रास देत नाहीत, म्हणून कोणाच्या नजरेत येत नाहीत. आळशी, वेंधळी असली नावं तेवढी पडतात. मग मोठेपणी त्या स्वतःच स्वतःला ती नावं ठेवतात. नोकरी सुटते, माणसं दुरावतात, झोप उडते."

"पण गुडघा धरला की—"

"बरोबर. लक्ष कमी नसतं. ते हवं तेव्हा हवं तिकडे वळत नाही. इंजिन दणकट आहे, स्टिअरिंग हाताला लागत नाही, असं समजा."

माझ्या धंद्याची भाषा मलाच शिकवतो!

मी सरळ विचारलं, "असल्या माणसाने गाडी चालवावी का?"

"धोका जास्त असतो, खोटं सांगणार नाही. औषध, सवयी आणि योग्य शिकवणी मिळाली तर पुष्कळजण नीट चालवतात. कसं शिकवतात यावर बरंच आहे." मग माझ्याकडे जरा वेळ बघून म्हणाला, "तुम्ही शाळेत कसे होता?"

हा माझा आवडीचा विषय. सांगितलं त्याला. वर्गापेक्षा वर्गाबाहेर जास्त. मास्तरांच्या खुर्चीचा पाय मोकळा केला म्हणून नाव काढून टाकलं. ट्रक धुतले, मग ट्रक चालवले, मग स्वतःची गाडी, मग स्कूल. आज चार गाड्या आहेत. डॉक्टर ऐकत होता. मधून मधून आमच्या हिच्याकडे बघत होता. ही खिडकीबाहेर बघत होती.

शेवटी म्हणाला, "हे बऱ्याचदा घराण्यातून येतं."

बाहेर पडल्यावर ही वाटभर खुदुखुदु हसत होती. बऱ्याच दिवसांनी हसली. काय झालं विचारलं तर म्हणे, काही नाही.

२४ जानेवारी

रात्रभर विचार केला आणि लक्षात आलं की डॉक्टरने माझ्याच हातात हत्यार दिलंय. जेवताना काढलं.

"मलाही आहे म्हणे तुझा रोग. दुसऱ्या तऱ्हेचा. मग मी कसा उभा राहिलो? मी कधी गोळी मागितली? रोग असून चार गाड्या उभ्या केल्या. तुझं काय अडलंय?"

पोरीचा घास हातातच राहिला. बोलली ती ही.

"उभे राहिलात? तुम्ही?" अगदी हळू आवाजात. "तुमच्या खिशात चष्मा कोण घालतं? गाड्यांच्या विम्याची मुदत कोणाच्या डोक्यात असते? सकाळची वेळ दुपारच्या माणसाला देऊन बसता, तेव्हा त्या दोघांना फोन कोण करतं? तुम्हाला रोग होता, तेव्हा तुम्हाला मी होते. तिला कोण आहे? तिच्यासमोर तर तुम्हीच उभे."

"म्हणजे मी काहीच केलं नाही?"

"आजपासून करा. ज्याचं त्याने शोधायचं, ज्याचं त्याने आठवायचं. मी सुट्टीवर."

बायका रागाच्या भरात बोलतात. दोन दिवसांत निवळेल.

२८ जानेवारी

निवळलं नाही. चष्मा सापडत नाही. हे पान अंदाजाने लिहितोय.

३० जानेवारी

आज जे पाहिलं ते शत्रूला दिसू नये.

आमच्या स्कूलसमोर, बरोबर रस्त्यापलीकडे, दुसरं स्कूल आहे. चालवणारी बाई आधी माझ्याकडेच शिकवायला होती. गियर धरायला मी शिकवलं. मग एक दिवस 'मास्तर, येते' म्हणाली आणि समोर गाळा घेतला. तेव्हापासून मी तिचं नाव घेत नाही. समोरची म्हणतो.

तर समोरचीची पिवळी गाडी गाळ्यातून निघाली आणि स्टिअरिंगवर आमची ढगूबाई! छातीला पट्टा, नजर समोर. माझ्या दारावरून गेली. दारात माझे दोन शिकाऊ उभे. एकजण दुसऱ्याला म्हणाला, "मास्तरांच्या मुलीने फी वाचवायला पाहिजे होती." दुसरा म्हणाला, "तिने जीव वाचवला." त्यांना वाटलं मी फोनवर आहे.

घरी आल्यावर विचारलं, "जगात एवढी स्कूलं आहेत, तीच सापडली?"

"जवळ पडते," ती म्हणाली.

३ फेब्रुवारी

गोळी सुरू झालीय तिची, सकाळी एक. आता किल्ली दाराजवळच्या खिळ्यावर असते. मोबाइल दर थोड्या वेळाने टिणटिणतो आणि ती उठून काहीतरी करते. मला त्या टिणटिणीचा संताप येतो. आज विम्यावाल्याचा फोन आला, तुमच्या दोन नंबरच्या गाडीची मुदत संपली म्हणून. पोरगी जेवता जेवता म्हणाली, "आई, बाबांना विचार, टिणटिण लावून देऊ का त्यांच्या फोनवर."

माझ्यासमोर बसून आईमार्फत!

९ फेब्रुवारी

आज मी एक जबाबदारीचं काम केलं. कोणाला आवडो न आवडो.

तिच्या परीक्षेची तारीख या आठवड्यातली आहे असं भिंतीपलीकडून ऐकलं. परवाना परीक्षकसाहेब माझ्या जुन्या ओळखीचे. फोन लावला. म्हटलं, साहेब, बाप म्हणून नव्हे, तीस वर्षं शिकवणारा माणूस म्हणून सांगतो, या उमेदवाराला लक्ष न टिकण्याचा आजार आहे, गोळ्या चालू आहेत, पुढे काही झालं तर तुमच्याही अंगाशी येईल.

साहेब म्हणाले, बरं झालं सांगितलंत.

मला हलकं वाटलं. उद्या तिने कोणाचं लेकरू उडवलं तर लोक कोणाची पाटी बघतील? आणि तिलाच काही झालं तर? खांब होता म्हणून बरं. खांबाच्या जागी ट्रक असता तर मी चटईवर पाय आपटत बसलो असतो. टाच आता दुखत नाही, पण तो आवाज कानातून जात नाही. चटईचा.

१३ फेब्रुवारी

परीक्षा झाली नाही. तिला मैदानावरून परत पाठवलं. डॉक्टरचं पत्र आणा, मग नवी तारीख, तीही एप्रिलमधली. नोकरीची मुदत मार्च. आणि खिडकीमागच्या कारकुनाने तिला सांगून टाकलं, तुमच्या वडिलांनीच कळवलंय. या खात्यात कोणाच्या पोटात काही राहत नाही.

ती ऑफिसात आली. माझ्यासमोर एक शिकाऊ आजोबा बसले होते.

"तुम्ही फोन केलात?"

"तुला कोणी सांगितलं?"

"म्हणजे केलात."

"उद्या कोणाला उडवलंस तर?"

"तर तुमची पाटी पुन्हा मुडपेल. दुसरं काय होणार?"

"जीभ सांभाळ. मी तुझ्या भल्यासाठी—"

"बाबा, त्या दिवशी माझा पाय ब्रेकवर होता." आवाज चढलेला नव्हता, हे मला जास्त लागलं. "होता. मला खांब दिसला होता. पण तुम्ही शेजारी असलात की माझा पाय वाट बघतो. कायमच बघतो. तुम्ही दाबणार, तुम्ही सांगणार, तुम्ही ओरडणार. मग मी कशाला दाबू? तुमच्या गाडीत मी एकदाही स्वतः थांबले नाहीये. तीन वेळा परीक्षेत नापास झाले, तिन्ही वेळा का, विचारलंत कधी? शेजारी परीक्षक बसला होता आणि माझा पाय त्याच्या पायाची वाट बघत होता."

मी म्हटलं, "हा सगळा त्या डॉक्टरचा पढवलेला पाठ."

ती गेली. शिकाऊ आजोबा म्हणाले, "मी उद्या येतो."

आजोबा काही उद्या यायचे नाहीत.

१४ फेब्रुवारी

कोणी बोललं नाही.

१५ फेब्रुवारी

आजही नाही. टायरचं चित्र मोजून पाहिलं, आठ खाचा आहेत.

२१ फेब्रुवारी

आज भर चौकात माझी गाडी बंद पडली.

स्टिअरिंगवर एक बँकेतल्या बाई होत्या. मी म्हणालो, "क्लच सोडलात!" त्या म्हणाल्या, "नाही हो." मी म्हणालो, "सोडलात, मी ऐकलं." मागे बस भोंगा वाजवतेय, सायकलवाले शिव्या घालतायत. मग बाईंनी बोटाने काटा दाखवला. टाकीत थेंब नाही.

आता हे असं झालं कसं? माझ्या गाडीतलं पेट्रोल कधी संपतच नाही. मी अभिमानाने लोकांना सांगत आलो की आपली गाडी फार कमी पिते. घरी येऊन हिला विचारलं. ही म्हणाली, "दर सोमवारी बाजारात मी कशाने जात होते? आणि येताना पंपावर कोण थांबत होतं? गाडी काय दंव पिऊन चालायची?" आणि परत वाचायला लागली.

पण हे नंतरचं. चौकात असताना मागून पिवळी गाडी आली. समोरचीची. ती येतेय हे मला आवाजावरून आधीच कळलं. चालवणारी आमचीच, हे काच खाली होती म्हणून कळलं. ती बोलत होती. माझ्याशी नव्हे, कोणाशीच नव्हे.

"पुढे गाडी बंद. डावीकडे बस. बस थांबलीय. सायकल, मागून सायकल, जाऊ दे. आरसा. मोकळं. निघाले."

वळसा घालून गेली. माझ्याकडे पाहिलं नाही. मी 'पुढची बंद गाडी' होतो.

आणि शेजारी समोरची कशी बसली होती? दोन्ही पाय सीटवर घेऊन. मांडी घालून! देवघरात बसावं तशी. ब्रेक खाली, बाई वर. याला शिकवणं म्हणतात? मी अशा मास्तराला दारात उभं करणार नाही.

२२ फेब्रुवारी

सकाळी रस्ता ओलांडून गेलो. सहा वर्षांत पहिल्यांदा.

"या मास्तर," समोरची म्हणाली. "पेट्रोल मिळालं का?"

मी म्हटलं, "टोमणे मारायला आलो नाही. मांडी घालून शिकवतेस? उद्या पोरीचं बरंवाईट झालं तर?"

"सुरुवातीला पाय खालीच होते. नीट थांबायला लागली तसे वर घेतले. शिकणाऱ्याला कळावं लागतं की गाडीत पाय दोनच आहेत, आणि ते तिचे आहेत."

"आणि ते बडबडणं? बोलत गाडी चालवायची युक्ती माझी आहे! ट्रकवर असताना मीच बोलायचो. बैल, पूल, वळण, समोरून दिवा. तशानेच माझं लक्ष राहायचं. तुला मीच सांगितलंय ते."

"हो की. तुमच्याकडूनच घेतली." तिने चहाचा कप पुढे केला. "मी फक्त बोलायचं काम तिला दिलं. तुमच्या गाडीत बसलं की दोनच आवाज येतात, मास्तर, एक इंजिनचा, एक तुमचा. तिसऱ्याला जागाच नसते. मीसुद्धा त्याच गाडीत शिकलेय."

चहा घेतला नाही. अर्धाच घेतला.

निघताना म्हणाली, "माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाने पाच मार्चची तारीख सोडलीय. ती तिला द्या म्हणून मी साहेबांकडे गेले होते. डॉक्टरांचं पत्रही दिलं. साहेब म्हणतात, तिच्या वडिलांनी हरकत घेतलीय, ती मागे घेतली तर बघू."

मी पायरी उतरलो. रस्ता ओलांडताना एक मोटरसायकल अंगावर आली होती. माझंच लक्ष नव्हतं, असं तो पोरगा म्हणाला. उद्धट.

२४ फेब्रुवारी

साहेबांना फोन केला. म्हटलं, बाप म्हणून बोललो होतो, शिकवणारा म्हणून नव्हे. उलटं सांगितलं होतं तुम्हाला.

साहेब म्हणाले, "तुमचं एकदा काय ते ठरवा हो."

घरात सांगितलं नाही. सांगितलं तर म्हणतील उपकार केले.

५ मार्च

परीक्षेच्या मैदानाला चहूकडून भिंत आहे. आत उमेदवार आणि त्यांना शिकवणारे, बाकीच्यांना मज्जाव. मी मागच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. सहज. तिथे आधीच आमची ही उभी.

आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून. मधून वाट जाईल एवढं अंतर.

बऱ्याच वेळाने ही म्हणाली, "काय ऐकू येतंय?"

दीड महिन्यात तिने आपणहून विचारलेली पहिली गोष्ट. मी म्हटलं, "पोरीने घाई केलेली दिसते, साहेबांना तर—"

"तुमचं मत नको. ऐकू येतंय तेवढं सांगा."

म्हणून तेवढंच सांगितलं. गाडी सुरू झाली. पहिला. क्लच सावकाश सोडला, चांगला सोडला. दुसरा. वळण घेतेय. वेग उतरला, आता पहिला. चढावर थांबली. इथे माझा उजवा पाय आपोआप दाबला गेला, भिंतीच्या कडेच्या मातीत. इथेच तीनदा गाडी मागे आली होती तिची. इंजिन जरा कुंथलं. मग धरलं. वर चढली.

"बंद पडली का?" हिने माझी बाही धरली होती.

"नाही."

"मग एकदम गप्प का झालात?"

"ऐकतोय."

मागे घ्यायचा आवाज, तो बारीक किरकिरीचा. थांबला. पुन्हा. थांबला. मी आदळल्याच्या आवाजाची वाट बघत होतो. तो आला नाही. गाडीचा दरवाजा उघडला, लागला. आणि आतून समोरचीची शिट्टी ऐकू आली. दोन बोटं तोंडात घालून घालतात ती. असल्या बायका.

ही बाही सोडून सरळ घरी गेली. माझ्यासाठी थांबली नाही. पण संध्याकाळी चष्मा टेबलावर होता. खिशात घातला नव्हता, नुसता टेबलावर.

११ मार्च

तिच्या नोकरीचा पहिला दिवस. निळी गाडी गॅरेजमधून आलीय. नवा बंपर, रंग जरा वेगळा लागलाय.

दारात किल्ली घेऊन उभी राहिली आणि थेट मला म्हणाली, "पहिला रुग्ण तुमच्या ऑफिसच्या वाटेवर आहे. यायचंय?"

"बसू का पुढे?"

"एका अटीवर."

अट ऐकली आणि मी म्हटलं, हे माझ्या वयाला शोभत नाही, गुडघे धरतील. ती म्हणाली, "गुडघे धरले तर मी फिजिओ आहे." आतून हिचा हसण्याचा आवाज आला. दोघींचं आधीच ठरलेलं असणार.

बूट काढून मांडी घातली. सीटवर, पट्ट्यासकट. वॉचमनने सलाम केला तो हसू दाबूनच.

ती बोलायला लागली. "मागे मोकळं. फाटक उघडं. उजवीकडे आजी, आजी थांबल्यात. कुत्रं झोपलंय." मला सांगायचं होतं की कुत्र्यावर भरवसा ठेवू नको. जीभ दातांत धरली. आणखी काही सांगायचं होतं, तेही धरलं. सगळं अंग तापलं माझं. एवढा वेळ गप्प मी झोपेतसुद्धा नसतो.

फाटकाचा खांब आला. पाटी अजून मुडपलेलीच आहे. माझी मांडी कधी सुटली मला कळलं नाही. पाय चटईवर गेला होता, आंगठा वळलेला.

"समोर खांब," ती म्हणाली. "डावीकडे हातभर जागा. बाबा, पाय वर."

पाय वर घेतला.

तू रस्त्याकडे बघत होतीस की माझ्या पायाकडे, असं विचारणार होतो. पण तोवर खांब मागे गेला होता.